डोळ्यांची आखणी

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेतील नाताळच्या देखाव्याची मातीची चित्रे पेटीतून बाहेर काढली, तेव्हा त्यांतील दोन मेंढपाळांचे डोळे पार पुसून गेलेले आढळले. चित्रे वीतभर उंचीची होती. इयत्ता आठवीच्या दोघा मुलांनी मोठ्या उत्साहाने ते काम अंगावर घेतले आणि तासाभरात पुरे करून माझ्याकडे आणले. मेंढपाळांचे डोळे आता आले होते खरे. परंतु ते दोघेही मेंढरे राखावयास आले नसून नुकतेच वाघाच्या तावडीतून सुटून आले आहेत, अशी मुद्रा झाली होती! मुले खजील झाली. मला मात्र हसू आवरेना, कारण अगदी अशाच भेदरलेल्या डोळ्यांची एक फौजच्या फौज मी बालपणी उभी केली होती. त्या दिवशी त्या मुलांना जे सांगितले, ते आणि जे सांगावयाचे राहून गेले ते, या अंकाच्या निमित्ताने येथे लिहितो.

माझे बालपण भिवंडीजवळच्या राहनाळ गावी गेले. अंजूर फाट्यालगतच्या या गावी आज जाणारास गोदामांच्या रांगा आणि मालमोटारींची रीघ एवढेच प्रथम दिसेल. त्या काळी श्रावणात घराच्या पडवीत उभे राहिले असता भातखाचरे नजर पोहोचेल तेथवर हिरवीगार दिसत, आणि वारा पडला म्हणजे भिवंडीकडील मागांची खडखड ऐकू येई. माझ्या वडिलांचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारी मुले आबा म्हणत असू, ते आमच्याच पडवीत दरसाल गणपतीच्या मूर्ती करीत. पंचवीसतीस मूर्तींचा तो लहानसा कारखाना. आषाढ लागला की गावातील घराघरांतून पाट येऊ लागत. प्रत्येक पाटाला घरधन्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली असे. नागपंचमीपर्यंत पाटांची उतरंड आढ्याच्या दिशेने चढत जाई आणि हरतालिकेच्या रात्रीपर्यंत प्रत्येक पाटावर मूर्ती बसलेली पाहिजे, असा नेम असे.

मूर्ती शाडूच्या. ही माती गुजरातेतून येते. मळून, साच्यात दाबून, दोन अर्ध सांधून मूर्ती उभी करावयाची व सावलीत वाळवावयाची. पावसाळ्याच्या दमट हवेत हे वाळवणे म्हणजे मोठे जिकिरीचे काम. घाई केली तर माती आवळताना भेग पडते. मग काचकागदाने घासणे, खडूच्या पांढऱ्याचा हात, अंगाचा रंग, पीतांबर, दागिने. या साऱ्या कामांत घरची माणसे हात लावीत. आईने तर कित्येक वर्षे सगळ्या पीतांबरांचे काठ एकटीने रंगविले. परंतु डोळ्यांना हात लावावयाचा तो फक्त आबांनी. आमच्याकडे डोळे ‘रंगवले’ असे कोणी म्हणत नाही, डोळे ‘आखतात’. कोकणात पेण हे गाव मूर्तिकामासाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे आणि तेथील मूर्ती समुद्रापलीकडील मराठी घरांतही जातात. त्या पेणेतही याला आखणीच म्हणतात, आणि कारखान्यात कितीही माणसे असली तरी आखणी करणारा हात निराळा असतो.

माझी उमेदवारी उंदरापासून झाली. मूर्तीच्या पायाशी बसलेल्या उंदराचा डोळा म्हणजे काळा ठिपका व त्यावर सुईच्या अग्राएवढा पांढरा बिंदू. हा पांढरा बिंदू म्हणजे प्रकाशाची चमक. ती दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूस पडली पाहिजे, हा पहिला धडा. उजेड जर डावीकडून येत असेल, तर तो दोन्ही डोळ्यांस डावीकडूनच येणार, हे उघड आहे. तरीही मी कित्येक उंदरांच्या डोळ्यांत एक चमक डावीकडे व एक उजवीकडे देऊन ठेविली होती. आबांनी ते उंदीर पुसावयास लावले नाहीत. नुसते म्हणाले, “तुझ्या उंदराच्या घरी दोन सूर्य दिसतात.”

उंदरांवरून मला बढती मिळाली ती मावळ्यांवर. दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात, त्यावर मांडावयाची मातीची चित्रे आबा गणपती संपताच करावयास घेत. मावळे, तोफा, गवळणी, भाजीवाली, वाघ, आणि सिंहासनावर महाराज. मावळा फार तर तीन इंच. त्याचे डोके चिंचोक्याएवढे आणि डोळा ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक. तिरळ्या मावळ्याने कोणाचे अडत नाही, म्हणून आबांनी मला ते मोकळेपणाने दिले. मी प्रत्येक मावळ्याला दोन पांढरे वाटोळे ठिपके दिले व त्यांच्या मधोमध काळे ठिपके ठेविले. झाले! तीसही मावळे भूत पाहिल्यासारखे डोळे फाडून उभे. ज्या गडावर ही शिबंदी असेल तो गड न लढताच पडावा.

चूक कोठे झाली? आबांनी मला आरशासमोर उभे केले आणि स्वतःचा डोळा पाहावयास सांगितले. बुबुळ आपणांस सगळे वाटोळे दिसत नाही. वरची पापणी त्याचा वरचा भाग झाकते, आणि खालच्या पापणीला ते टेकलेले असते. बुबुळाच्या चारी बाजूंनी पांढरे दिसू लागले की मनुष्य घाबरलेला वा संतापलेला दिसतो. शिवाय डोळ्यातील पांढरे हे वास्तविक पांढरे नसतेच. त्यात किंचित पिवळट वा राखी छटा असते. निव्वळ पांढरा रंग दिला की डोळा कपड्याच्या बटणासारखा बाहेर येतो. म्हणून लहान चित्राची रीत अशी: आधी पांढरे नव्हेच. आधी गडद तपकिरी रंगाची एक आडवी रेघ, जवसाच्या दाण्याच्या आकाराची. ती वाळली म्हणजे तिच्या आत मळकट पांढऱ्याची त्याहून बारीक रेघ, अशी की चोहोकडे गडद कड शिल्लक राहावी. मग काळ्याचा एक स्पर्श, तो वरच्या कडेस चिकटलेला. आणि हे सर्व करूनही डोळा मोठाच झाला असेल, तर अंगाचा रंग घेऊन खालून व बाजूने तो छाटून आणावयाचा. बहुतेक सर्व सुबक डोळे या छाटणीत सुबक होतात. नवशिक्याला वाटते की डोळा एका फटकाऱ्यात साधतो. तसे नाही, तो चार वेळा बिघडवून पाचव्यांदा ताळ्यावर येतो.

कुंचल्याविषयीही एक गैरसमज सांगतो. बारीक कामाला बारकातला बारीक, चारदोन केसांचा कुंचला हवा असे मुलांना वाटते व पालक तसा विकतही आणून देतात. परंतु असल्या कुंचल्यात रंग राहतो किती? तो मूर्तीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच टोकावर वाळतो. कुंचला पोटाशी भरदार व टोकाशी अणकुचीदार असावा. आबांचा कुंचला खारीच्या केसांचा होता. जुने चित्रकारही खारीचेच केस वापरीत. रंग ताकासारखा पातळ हवा. तो उचलला की वाटीच्या काठावर कुंचला एकदा टेकवून जादा रंग उतरवावयाचा. आबांची वाटी पितळेची होती आणि प्रत्येक वेळी ‘टण्’ असा लहानसा नाद होई. दोन्ही कोपरे गुडघ्यांवर, करंगळी मूर्तीच्या गालावर टेकलेली, आणि रेघ ओढताना श्वास बंद. इतके झाल्यावर जे हलते ते बोट नसून मन असते, असे ते म्हणत.

मावळा हातात उलटा धरता येतो, आणि उलटा धरला की डोळे खालीवर झालेले तत्काळ दिसतात, ही एक मोठी सोय. गणपतीला उलटे धरता येत नाही. शिवाय त्याच्या दोन डोळ्यांच्या मध्ये सोंडेचा उंचवटा येतो, त्यामुळे जवळ बसले असता एक डोळा पाहताना दुसरा नीटसा दिसत नाही. म्हणून आबा आपला दाढीचा तडकलेला आरसा मूर्तीसमोर धरून तिचे प्रतिबिंब पाहात. ओळखीच्या चेहऱ्यातील वाकडेपणा डोळ्यांच्या सवयीचा होतो व दिसेनासा होतो. आरशात उजव्याचे डावे होताच तो लपत नाही. पुढे मोठेपणी मी वाचले की, सिंहलद्वीपात बुद्धमूर्तीचे डोळे आखताना कारागीर मूर्तीकडे पाठ करून, आरशात पाहात डोळे आखीत असे. आनंद कुमारस्वामी यांनी १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या विधीचे वर्णन केले आहे. तेथे कारण निराळे. उघडणाऱ्या डोळ्यांची पहिली दृष्टी मनुष्याने अंगावर घेऊ नये, अशी ती समजूत. बंगालमध्ये दुर्गेचे डोळे महालयेच्या दिवशी आखण्याची परंपरा आहे, आणि आपल्याकडेही मूर्तीच्या प्रतिष्ठेत नेत्रोन्मीलनाचा स्वतंत्र विधी आहे. आबांना यांतील काहीच वाचून ठाऊक नव्हते. त्यांचा आरसा केवळ वाकडेपणा पकडण्यासाठी होता. तथापि आखणी चालू असताना पडवीत कोणी मोठ्याने बोलत नसे, हेही खरे.

कोणता डोळा आधी? आबा नेहमी मूर्तीचा उजवा डोळा आधी आखीत. तो आखणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो. पापणीची रेघ सोंडेपासून बाहेर न्यावयाची, म्हणजे उजव्या हाताने काम करणाराला कुंचला डावीकडे ढकलावा लागतो व हात अडखळतो. मूर्तीचा डावा डोळा सोपा. तेथे कुंचला आपोआप ओढला जातो. अवघड आधी करावा आणि सोप्याला त्याच्याशी जुळवून घ्यावे, असा हा हिशेब. “पण सोप्याला वेळ मात्र तेवढाच द्यायचा,” असे ते पुढे पुस्ती जोडीत. नजर किंचित खाली उतरलेली हवी, कारण घरची मूर्ती चौरंगावर बसते व माणसे जमिनीवर बसतात. पाहणाराला वाटले पाहिजे की ही माझ्याकडे पाहते आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. १९८६ साली आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आज मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करवून मनुष्य त्याच दिवशी घरी येतो. त्या काळी तो ‘पिकेपर्यंत’ थांबावे, असेच बहुधा सांगण्यात येई, आणि पिकेपर्यंतचे महिने म्हणजे धुक्यातून चालणे. दिवसा ते कसेबसे भागवीत, परंतु रात्री दिव्याभोवती त्यांना नुसते तेजाचे कडे दिसे. त्या वर्षी पावसाने मूर्ती उशिरा वाळल्या. हरतालिकेच्या रात्री पाच मूर्तींची आखणी राहिली होती, वीज गेली होती, आणि सकाळी माणसे पाट न्यावयास येणार होती. आबांनी कंदिलाजवळ बसून कुंचला हाती घेतला, तो एकदा मूर्तीपर्यंत नेला, परत आणला, आणि न बोलता माझ्या हाती दिला. मी तेरा वर्षांचा होतो.

ते माझ्या शेजारी पाटावर बसून राहिले. पहिल्या तीन मूर्ती मी कशा आखल्या ते माझे मला आठवत नाही. पण त्या बऱ्या साधल्या असाव्यात, कारण त्यांविषयी पुढे काही आठवण नाही. चौथी मूर्ती तळ्याच्या वाटेवरील एका म्हाताऱ्या आजींच्या घरची. उजवा डोळा झाला. डावा घेताना मला झोपेने पेंग येत होती आणि रेघ इतकी सरळ गेली की मला माझाच अभिमान वाटला. त्या भरात मी बुबुळ ठेविले. ठेविताक्षणी कळले की ते अर्ध्या तिळाएवढे बाहेरच्या अंगास सरकले आहे. एक डोळा समोर पाहात होता आणि दुसरा दाराकडे.

उपाय ठाऊक होता. ओले पुसावयाचे नाही, कारण शाडूवरचा रंग पुसला तर खालचा पांढरा हातही निघून येतो. वाळू द्यावे, पांढऱ्याने झाकावे, पुन्हा वाळू द्यावे व पुन्हा आखावे. दमट हवेत निदान दीड तास. आणि एक मूर्ती अद्याप बाकी होती.

“डावा झाला?” आबांनी विचारले.

“झाला.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग “बरं” म्हणाले आणि पाचवी मूर्ती हाताने चाचपून माझ्यापुढे सरकविली.

सकाळी मूर्तीवर वस्त्र घालून तो पाट आजींच्या घरी गेला. त्या पाच दिवसांत मी त्यांच्या घरची एकही आरती चुकविली नाही. माझी आई कौतुकाने शेजारणींना सांगे की पोराला देवाची गोडी लागली. मी मात्र प्रत्येक वेळी दाराच्या कोपऱ्यात जाऊन उभा राही, जेथे तो डोळा पाहात होता. आजी काही म्हणाल्या नाहीत. त्यांच्या नजरेलाही वय झालेच होते. परंतु त्यांच्या धाकट्या नातवाने तिसऱ्या दिवशी सर्वांदेखत जाहीर केले की, बाप्पा एकाच वेळी माझ्याकडेही बघतो आणि दाराबाहेरच्या चपलांकडेही बघतो. सगळे हसले. मीही हसलो, आणि ते हसणे मला अजून आठवते. पाचव्या दिवशी गौरींबरोबर विसर्जन झाले. शाडूची मूर्ती पाण्यात सावकाश विरघळते, पण डिंकातला रंग आधी सुटतो. तळ्याच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभा राहून मी तो डोळा जाताना पाहिला. माझी सुटका होईल असे वाटले होते. तशी काही झाली नाही.

हिवाळ्यात ठाण्याच्या एका इस्पितळात आबांची शस्त्रक्रिया झाली. डोळ्याच्या आत भिंग बसविण्याची सोय त्या वेळी आमच्यासारख्यांच्या आटोक्यात नव्हती. जाड भिंगांचा चष्मा मिळे. त्या चष्म्यातून सर्व वस्तू सुमारे पाव पटीने मोठ्या दिसतात. प्रथमप्रथम आबा पाण्याचा तांब्या उचलावयास जात तो हात भलत्याच ठिकाणी पडे, जिना उतरताना पायरी अंगावर येई. घरी आल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी दिवाळीतील उरलेले मावळे मागितले, जे सर्वच्या सर्व मी आखले होते. एकेक मावळा हातात घेऊन ते उन्हाकडे धरीत व बाजूला ठेवीत. मला त्यांच्या भिंगांतून त्यांचे स्वतःचे डोळे बशीएवढे मोठे दिसत होते.

“याची चमक खाली आली. हा बरा. हा झोपलाय. हा बरा.” असे करीत सगळे मावळे संपले. मग म्हणाले, “तळ्याकडच्या घरची मूर्ती तेवढी पाहायची राहिली.”

मी सर्व सांगितले. बुबुळ, चपला, आरत्या, काहीही ठेविले नाही.

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. “उजव्याला वाटी चार वेळा वाजली. डाव्याला दोनदाच वाजली.”

“मग त्या रात्री का नाही अडवलंत?”

“मला दिसत होतं का? दिसत तुला होतं.” एवढे बोलून त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढविला. त्यानंतर हा विषय आमच्या दोघांत कधीही निघाला नाही.

आबा पुढे आणखी नऊ वर्षे मूर्ती करीत होते, डोळेही आखीत. आता मूर्तींचे जगही पुष्कळ बदलले. प्लास्टर आले, ते हलके, स्वस्त, लवकर सुकणारे. पण पाण्यात न विरघळणारे, म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली आपल्या मार्गदर्शक सूचनांत त्याचा निषेध केला, आणि शाडूकडे लोक पुन्हा वळू लागले. आमच्या पडवीच्या जागी आता भिंत आहे. असो.

त्या आठवीतल्या मुलांना मी मेंढपाळ दुरुस्त करावयाची रीत सांगितली: खालून अंगाचा रंग घ्या, बुबुळाची खालची बाजू पापणीला टेकवा, वरची झाका. झोपलेल्या बाळाचा डोळाही एकाने विचारला. मिटलेल्या डोळ्याची कमान खाली लोंबती हवी, आणि पापण्यांची रेघ त्या कमानीवर. कमान वर चढविली तर बाळ झोपलेले न दिसता हसताना दिसते. हे ऐकून त्यांनी आपसांत डोळे मिटून एकमेकांची परीक्षा घेतली, आणि ते खरे निघाल्यावर दोघेही कामाला लागले. एकाने मला विचारले, “सर, तुमची कधी चूक झाली होती का?” घंटा झाली म्हणून ते उत्तर राहिले, ते वर लिहिले आहे.

फक्त एक सांगावयाचे उरले. १९८७ च्या नागपंचमीला तळ्याच्या वाटेवरून तोच पाट आला. चिठ्ठी जुनीच, कोपऱ्यात गेल्या वर्षीच्या हळदीचा डाग. मूर्ती वाळली, रंगली, आणि आखणीचा दिवस आला तेव्हा आबांनी नवा चष्मा सरळ केला, पाटांच्या रांगेतून तो एकच पाट उचलला आणि माझ्यासमोर आणून ठेविला. स्वतः मात्र पलीकडे तोंड करून दुसरी मूर्ती घेऊन बसले. मी वाटीत पाणी घातले. डाव्या डोळ्यासाठी त्या दिवशी ती पाच वेळा वाजली.